चोकेकिराओच्या ट्रेकला चार दिवस पुरतील का?

तुमचा प्रश्न मला समजला तो असा. तुम्ही एक्कावन्न वर्षांच्या आहात, यजमान छप्पन्न वर्षांचे आहेत, आणि दोघेही गेली अनेक वर्षे पुण्याहून नियमित ट्रेकला जाता. राजगड ते तोरणा, हरिश्चंद्रगड, कळसूबाई झाले आहेत आणि हिमालयात हर की दूनही झाले आहे. पेरूला जायचे ठरले, पण हव्या त्या तारखांना माचू पिचूला पायी जाणाऱ्या इंका ट्रेलचे परवाने मिळाले नाहीत, म्हणून कोणीतरी चोकेकिराओ हे इंकांच्या अवशेषांचे डोंगरावरचे ठिकाण सुचवले. एका एजन्सीने चार दिवसांचा कार्यक्रम पाठवला आहे. यजमानांचा उजवा गुडघा अधूनमधून कुरकुरतो. कुस्को शहरच ३४०० मीटरवर असल्यामुळे तुम्हाला विरळ हवेची धास्ती वाटते आणि त्या त्रासावरची डायमॉक्स ही गोळी घ्यावी का, असे तुम्ही विचारले आहे. शिवाय एजन्सीशिवाय जाता येईल का आणि दिवाळीच्या सुट्टीत जमेल का, हेही विचारले आहे.

मी सह्याद्रीत आणि हिमालयात गट घेऊन जातो आणि पेरूमध्येही या वाटेवर आपल्याकडच्या लोकांना घेऊन गेलो आहे. त्या अनुभवावरून सांगतो, की तुमची काळजी योग्य आहे, पण ती चुकीच्या ठिकाणी खर्च होते आहे. या ट्रेकमध्ये उंचीपेक्षा दरी त्रास देते. चार दिवस की पाच, गुडघा टिकेल का, खेचर घ्यावे का, या तुमच्या बहुतेक प्रश्नांची उत्तरे त्या दरीच्या हिशेबातूनच निघतात, म्हणून आधी तो हिशेब मांडतो.

कुस्कोहून आबांकाय शहराकडे जाणाऱ्या महामार्गावरून फाटा घेऊन काचोरा या गावात उतरावे लागते आणि तिथून थोडे पुढे कापुलियोक नावाच्या खिंडीसारख्या जागी वाट सुरू होते. गाडीचा हा प्रवास चार ते पाच तासांचा आहे. कापुलियोकची उंची सुमारे २९०० मीटर. तिथून वाट आपुरिमाक नदीच्या पात्रापर्यंत उतरत जाते. ही नदी अमेझॉनच्या उगमप्रवाहांपैकी एक असून तिने या भागात अतिशय खोल दरी कोरली आहे. वाटेत चिकिस्का हा मुक्काम साधारण १९०० मीटरवर लागतो आणि तळाशी प्लाया रोसालिना येथे, सुमारे १५०० मीटरवर, पुलावरून नदी ओलांडायची असते. पलीकडच्या काठावरून वाट सरळ वर चढते. सांता रोसा ही वस्ती मध्ये लागते, मग २८००-२९०० मीटरवर मारांपाता हे छोटे गाव, आणि तिथून दीड-दोन तासांच्या चढउतारानंतर ३०५० मीटरच्या आसपास चोकेकिराओचे अवशेष. परतीची वाटही हीच. म्हणजे चौदाशे मीटर उतार, चौदाशे मीटर चढ, आणि परतताना पुन्हा तेवढाच उतार व तेवढाच चढ. एकूण अंतर साठ किलोमीटरच्या आसपास भरते, पण या वाटेवर किलोमीटर मोजण्यात फारसा अर्थ नाही.

आपल्याला सह्याद्रीची सवय असते आणि ती इथे एका बाबतीत दगा देते. पायथ्याच्या गावातून आपण चढतो, गड पाहतो आणि उतरतो. कोणी दमला, पाय मुरगळला, तर परत फिरण्याची वाट उताराची असते आणि खाली गाव असते. चोकेकिराओला पहिला दिवस उताराचा असल्यामुळे सगळे खुशीत असतात, गप्पा चाललेल्या असतात, आणि कोणालाही हे जाणवत नाही की आपण उतरलेला प्रत्येक मीटर परतीच्या दिवशी चढायचा आहे. नदीच्या काठी पोहोचल्यावर ज्याला परत जावेसे वाटते, त्याच्यासमोर दोन्ही बाजूंना सारखाच चढ असतो. बारी गावातून कळसूबाईला जेवढे चढता, त्याच्या साधारण दीडपट चढ तुम्हाला शेवटच्या दिवशी, थकलेल्या पायांनी चढायचा आहे, हे डोळ्यांसमोर ठेवूनच चार दिवसांचा कार्यक्रम तपासा.

आता उंचीविषयी. या वाटेवर तुम्ही कुठेही कुस्कोपेक्षा वर जात नाही. इंका ट्रेलची सर्वांत उंच खिंड ४२१५ मीटरवर आहे, साल्कांतायच्या वाटेवरची ४६०० मीटरच्या वर. चोकेकिराओला जाऊन परत येताना तुम्ही जास्तीत जास्त ३१०० मीटरच्या आसपास जाता आणि रात्री त्याहूनही खाली झोपता. हर की दूनची उंची ३५०० मीटरच्या घरात आहे आणि तिथे तुम्हाला त्रास झाला नव्हता, असे तुम्ही लिहिले आहे. म्हणून विरळ हवेचा प्रश्न आहे तो विमानाने कुस्कोत उतरल्यानंतरच्या पहिल्या दोन दिवसांचा. लिमा समुद्रसपाटीला आहे आणि तिथून तासा-सव्वातासात तुम्ही एकदम ३४०० मीटरवर येता. माझी पद्धत अशी आहे, की विमानतळावरून गट थेट ‘पवित्र दरी’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या खालच्या खोऱ्यात नेतो; तिथले ओलांतायतांबो गाव कुस्कोपेक्षा पाच-सहाशे मीटर खाली आहे, तिथे दोन रात्री काढतो, मग कुस्कोत एक रात्र, आणि त्यानंतर काचोरा. एवढे केल्यावर बहुतेकांना औषधाची गरज भासत नाही. तरीही डायमॉक्स घ्यायची की नाही हे तुमच्या डॉक्टरांनीच ठरवायला हवे, कारण सल्फा औषधांची अ‍ॅलर्जी, मूत्रपिंडाचे विकार आणि रक्तदाबाच्या गोळ्या या तिन्हींचा त्याच्याशी संबंध येतो. यजमान रक्तदाबासाठी लघवी वाढवणारी गोळी घेत असतील, तर ते डॉक्टरांना आवर्जून सांगा. दरीतल्या उन्हात ती बाब वेगळ्या कारणानेही महत्त्वाची ठरते.

गुडघ्याचा प्रश्न मात्र खरा आहे. उतरताना मांडीच्या पुढच्या स्नायूंना ताणले जात असतानाच शरीराचे वजन पेलावे लागते. या प्रकारच्या कामाने स्नायूंना सूक्ष्म इजा होते आणि तिचे दुखणे त्याच दिवशी न जाणवता दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी सर्वांत जास्त जाणवते. आता हे वेळापत्रक वाटेवर बसवून पाहा. पहिल्या दिवशी चौदाशे मीटर उतरलात, दुसऱ्या दिवशी सकाळी चढताना मांड्या दगडासारख्या झालेल्या असतात, आणि चार दिवसांच्या कार्यक्रमात तिसऱ्या दिवशी, दुखणे ऐन भरात असताना, पुन्हा तेवढेच उतरायचे असते. थकलेली मांडी धक्का नीट झेलत नाही आणि तो भार गुडघ्यावर जातो. माझ्या गटांमध्ये गुडघ्याच्या तक्रारी पहिल्या दिवशी क्वचितच आल्या. त्या आल्या मारांपाताहून नदीकडे उतरताना.

यावर उपायही स्नायूंच्या याच स्वभावात आहे. एकदा असा उतार करून दुखणे सोसले, की पुढचे काही आठवडे तेच स्नायू तशा उताराला बरेच कमी दुखतात. म्हणून निघण्यापूर्वीच्या दोन महिन्यांत तयारी उताराची करा. पुण्यात राहणाऱ्यांची चांगली सोय आहे: आतकरवाडीहून सिंहगड चढून उतरा, आणि काही आठवड्यांनी एकाच सकाळी दोनदा चढा-उतरा. दोन फेऱ्या मिळून साधारण बाराशे मीटर चढ आणि तेवढाच उतार होतो, म्हणजे इथल्या एका दिवसाच्या जवळपास. महिन्यातून एकदा सलग दोन दिवस असे करा, कारण दुसऱ्या दिवशीची मांडी कशी वागते हे तुम्हाला घरीच कळलेले बरे. गडावरून पिठले-भाकरी आणि दही खाऊन गाडीने खाली येणे या तयारीत बसत नाही, एवढे मात्र सांगून ठेवतो. शेवटचा असा सराव निघण्याच्या आठ-दहा दिवस आधी थांबवा.

काठ्या दोन घ्या, एक नव्हे, आणि उतारावर त्यांची लांबी थोडी वाढवा. बुटात पायाची बोटे पुढे आदळत नाहीत ना, हे चढून नव्हे तर उतरून तपासा. निघण्याच्या दोन दिवस आधी पायाची नखे अगदी आखूड कापा. कापुलियोकचा उतार अंगठ्याची नखे काळी करण्यात पटाईत आहे. गुडघ्यावरच्या औषधांबद्दल एक गोष्ट आवर्जून: आयब्युप्रोफेनसारख्या गोळ्या उन्हात, पाणी कमी पडलेल्या शरीरावर, रोज घेत राहणे मूत्रपिंडाला घातक ठरू शकते. दुखले की लगेच गोळी, ही आपल्याकडची सवय या दरीत नको.

या सगळ्यावरून चार की पाच दिवस, याचे उत्तर बहुधा तुमच्या लक्षात आले असेल. तरुण, हलक्या सामानाचा आणि सरावातला गट चार दिवसांत हा ट्रेक नीट करतो. तुमच्या बाबतीत मी पाच दिवसच सांगेन, आणि त्यामागे गुडघा हे एकच कारण नाही. चार दिवसांच्या कार्यक्रमात दुसऱ्या दिवशी चढून गेल्यावर उरलेल्या दुपारी अवशेष पाहायचे असतात, तेव्हा पाय गळालेले असतात आणि मन तंबूत असते. तिसऱ्या दिवशी सकाळी थोडे पाहून लगेच उतार सुरू होतो. एवढ्या लांब जाऊन त्या जागेला अर्धा दिवस देणे मला पटत नाही. पाच दिवसांत मी असे करतो: पहिल्या दिवशी चिकिस्कापर्यंत उतरून मुक्काम, दुसऱ्या दिवशी पहाटे निघून नदी ओलांडून मारांपाता, तिसरा पूर्ण दिवस अवशेषांसाठी आणि पुन्हा मारांपातालाच मुक्काम, चौथ्या दिवशी सावकाश उतरून नदी, आणि तिथून पुन्हा चिकिस्कापर्यंतचा चढ संध्याकाळच्या सावलीत, पाचव्या दिवशी पहाटे उरलेला हजार मीटरचा चढ. तिसरा दिवस चालण्याचा असला तरी मोठ्या उताराचा नसतो, त्यामुळे मांड्यांना सावरायला सवड मिळते. चौथ्या दिवशी चिकिस्का गाठल्यामुळे शेवटच्या चढाचे दोन भाग होतात. मुक्काम नदीकाठी करून पाचव्या दिवशी सगळे चौदाशे मीटर एकदम चढण्यापेक्षा हे फार सोपे जाते.

वेळेबाबत मी काहीसा हट्टी आहे. दरीचा तळ कोरडा आणि निवडुंगांनी भरलेला आहे, दुपारी तिथे आपल्या विदर्भातल्या उन्हाची आठवण व्हावी असा उष्मा असतो, आणि रोसालिना ते सांता रोसा या नागमोडी चढावर सावली जवळजवळ नाही. ठाण्याच्या एक ताई आमच्या गटात होत्या, अर्धमॅरेथॉन सहज धावणाऱ्या. त्या दिवशी न्याहारी आणि फोटो यांत वेळ गेल्यामुळे पुलावर पोहोचायलाच साडेनऊ झाले. अर्ध्या चढावर त्या थांबल्या, घाम येणे बंद झाले होते, चेहरा लाल आणि बोलणे तुटक. एका खडकाच्या हातभर सावलीत त्यांना बसवले, मानेवर व काखेत ओला पंचा ठेवला, मिठा-साखरेचे पाणी घोटाघोटाने दिले आणि खालून येणाऱ्या खेचरवाल्याला थांबवले. तासाभराने त्या बऱ्या झाल्या, सांता रोसापर्यंत खेचरावर गेल्या आणि दुसऱ्या दिवशी सर्वांच्या पुढे चालत होत्या. त्यांच्या तंदुरुस्तीत काहीच कमी नव्हते, घड्याळ चुकले होते. तेव्हापासून दुसऱ्या दिवशी पहाटे चार वाजता, कपाळावरच्या दिव्यांच्या उजेडात निघायचे, हा नियम मी कोणासाठीही मोडत नाही. सकाळी साडेसातच्या आत सांता रोसा मागे पडले, तर मारांपातापर्यंतचा चढ आनंदाचा होतो.

पाणी मुक्कामांच्या ठिकाणी मिळते, मधल्या टप्प्यांवर मिळेल असे गृहीत धरू नये. प्रत्येकी तीन लिटरची सोय अंगावर ठेवा, मिळालेले पाणी उकळून किंवा गोळ्या टाकूनच प्या, आणि ओआरएसची पाकिटे इथूनच न्या. नदीकाठी चिलटांहूनही बारीक माशा असतात. त्या चावताना कळत नाही, नंतर मात्र रक्ताचा ठिपका उमटतो आणि खाज आठवडाभर जात नाही. कितीही उकडले तरी पूर्ण बाह्यांचा सदरा आणि पूर्ण विजार घाला आणि डीट असलेले मलम लावा. पेरूच्या काही दऱ्यांत वाळूमाशीमुळे त्वचेचा लेशमॅनियासिस होतो. परत आल्यावर एखादी जखम कित्येक आठवडे भरत नसेल, तर डॉक्टरांना आपण कुठे जाऊन आलो ते जरूर सांगा, नाहीतर पुण्यात बसून कोणालाही ते सुचणार नाही.

सामानासाठी खेचर घ्याच. काचोरात खेचरवाले मिळतात, त्यांना तिथे अर्रिएरो म्हणतात, आणि ही वाट त्यांच्याच पायाखालची आहे. तुमच्या पाठीवर पाणी, खाऊ, पावसाळी कोट आणि औषधे एवढेच हवे. याशिवाय यजमानांसाठी बसण्याचे एक जादा खेचर किंवा घोडा पाचही दिवस सोबत ठेवा, असे मी सुचवीन. ते वापरावे लागले नाही तर उत्तम. पण दरीच्या तळाशी गुडघा अडला, तर तिथे दुसरे वाहन नाही. रस्ता नाही, फोनला भरवशाची रेंज नाही, आणि हेलिकॉप्टर येईल असे धरून चालता येत नाही. बसायचे ते चढावर. उतारावर खेचरावर बसणे मी कोणालाही सुचवत नाही, कारण अरुंद वळणांवर जनावर दरीच्या कडेनेच चालते आणि तोल गेलेला माणूस त्यालाही सावरता येत नाही. खेचरांचा तांडा समोरून आला, तर नेहमी डोंगराच्या बाजूला, भिंतीला पाठ लावून उभे राहा. दरीच्या बाजूला उभे राहून वाट देण्याचा शहाणपणा करू नका, कारण खेचराच्या पाठीवरचा बोजा बाहेर आलेला असतो आणि त्याला त्याचा अंदाज नसतो.

आता ज्या जागेसाठी हे सगळे करायचे, तिच्याविषयी. एजन्सीच्या माहितीपत्रकात चोकेकिराओला ‘माचू पिचूची बहीण’ म्हटले जाते आणि त्यामुळे काही लोक निराश होतात. माचू पिचूला ग्रॅनाइट आहे. तासून, घासून, सांध्यात पाते जाणार नाही असे बसवलेले दगड तिथे दिसतात. चोकेकिराओच्या डोंगराचा दगड थरांचा आणि ठिसूळ आहे, तो तसा तासला जात नाही. इथल्या भिंती चपट्या दगडांच्या, मातीच्या सांध्याच्या आहेत आणि मुळात त्यांवर गिलावा होता. कारागिरी पाहायची असेल तर ती इथे भिंतीत शोधू नका. डोंगराला दिलेल्या आकारात शोधा. एका टेकडीचा माथाच कापून सपाट केला आहे आणि त्या विधीच्या चौथऱ्यावर उभे राहिले, की तिन्ही बाजूंना दरी आणि समोर बर्फाची शिखरे दिसतात. वरच्या भागात पाण्याचा पाट दगडी पन्हाळीतून खाली चौकाकडे आणला आहे. त्याच्या कडेने चाललात तर उतार किती बारकाईने राखला आहे ते कळते. शेजारी धान्याची कोठारे आहेत. हे सगळे पंधराव्या शतकात, इंका साम्राज्य ऐन भरात असताना उभे राहिले. स्पॅनिशांनी कुस्को घेतल्यानंतर मांको इंका या राजाने याच डोंगराळ विल्काबांबा प्रदेशात आश्रय घेतला आणि १५७२ मध्ये शेवटचा इंका राजा तुपाक आमारू पकडला जाईपर्यंत इथले राज्य टिकले. ही दरी चढून गेल्यावर ते का टिकले, हे पायांना समजते.

सर्वांत चुकवू नये अशी गोष्ट चौकातून दिसतच नाही, आणि चार दिवसांच्या कार्यक्रमात नेमकी तीच सुटते. पश्चिमेच्या बाजूने उभ्या पायऱ्या उतरून गेल्यावर शेतीच्या अरुंद पायऱ्यापायऱ्यांच्या भिंती लागतात आणि त्या काळपट भिंतींमध्ये पांढरे दगड बसवून लामा या प्राण्यांची चित्रे केली आहेत. दोन डझनांच्या आसपास लामा आहेत, कोणी मोठा, कोणी पिल्लू, आणि वरच्या भागात नागमोडी नक्षी. भिंतीजवळ उभे राहिले तर प्राणी दिसत नाही. चार-पाच पांढऱ्या दगडांची एक तिरकी रांग दिसते आणि ती मान आहे की पाय, हे कळत नाही. पलीकडच्या सज्जावर जाऊन मागे वळून पाहिले, की सगळा कळप डोंगर चढताना दिसतो. ही चित्रे २००४ मध्ये उजेडात आली, त्याआधी ती झाडीखाली होती. आजही या जागेचा मोठा भाग जंगलाखालीच आहे. तिथे उतरून परत चढायला दोन ते तीन तास धरा आणि तेही सकाळी. ऊन तिरपे असताना पांढरे दगड उठून दिसतात, शिवाय परतीच्या पायऱ्या दुपारी जीव काढतात. यजमानांच्या गुडघ्याने त्या दिवशी नकार दिला, तर त्यांनी चौथऱ्यावर बसून दरीवर फिरणारी काँडोर गिधाडे पाहावीत. ती वेळही वाया जात नाही.

एजन्सीशिवाय जाता येते. इंका ट्रेलवर परवानाधारक मार्गदर्शक सक्तीचा आहे आणि नोकरचाकर धरून रोज पाचशेच माणसांना प्रवेश मिळतो. चोकेकिराओला असा कोटा नाही, मार्गदर्शक सक्तीचा नाही, तिकीट तिथे काढता येते. चिकिस्का, सांता रोसा, मारांपाता येथे स्थानिक कुटुंबे जेवण आणि तंबूला जागा देतात, काही ठिकाणी साध्या खोल्याही. स्पॅनिश बऱ्यापैकी बोलता येत असेल, तर काचोरात एक रात्र आधी पोहोचून खेचरवाला ठरवणे आणि वाटेतल्या घरांत जेवणे हा स्वस्त आणि चांगला मार्ग आहे. स्पॅनिश येत नसेल, वेळ मोजका असेल आणि शाकाहारी असाल, तर एजन्सी घ्या. वस्त्यांवर भात, बटाटे, अंडी, मका मिळतो, पण सूप कोंबडीच्या पाण्यात शिजवलेले असते आणि ‘मांस नको’ म्हटल्यावर त्यातले तुकडे काढून ताट पुढे येते. तुम्हाला ते चालत नसेल, तर स्वयंपाकी सोबतचा हवा. मेतकूट, भाजलेले पोहे आणि लिंबाचे लोणचे मी नेहमीच नेतो. मात्र फळे, बिया, ताजे पदार्थ विमानतळावर अडतात.

एजन्सीला पैसे भरण्यापूर्वी चारच गोष्टी लेखी विचारा: दुसऱ्या दिवशी किती वाजता निघणार, लामांच्या भिंतींना नेणार का, चौथ्या रात्रीचा मुक्काम नदीकाठी की चिकिस्काला, आणि बसण्याचे जादा खेचर किमतीत धरले आहे का. पहिल्या प्रश्नाला ‘न्याहारीनंतर’ असे उत्तर आले, तर दुसरी एजन्सी पाहा. तुमच्या आलेल्या कार्यक्रमात दुसऱ्या दिवशी आठला निघणे लिहिले आहे. तेवढ्यावरूनही मी तो नाकारला असता.

दिवाळीबाबत माझे मत थोडे सावध आहे. तिथला कोरडा हंगाम मे ते सप्टेंबर, म्हणजे बहुतांशी आपला पावसाळा. ऑक्टोबरात सरी सुरू होतात, नोव्हेंबरपासून पाऊस वाढत जातो आणि जानेवारी-फेब्रुवारीत दरडी कोसळून वाट बंद पडणे नवलाचे नसते. माचू पिचू जगापुढे आणणारा अमेरिकी संशोधक हायराम बिंगहॅम तिथे पोहोचला १९११ मध्ये, पण त्याआधी १९०९ मध्ये तो चोकेकिराओला आला होता, आणि तोही फेब्रुवारीत. पावसाने त्याचे हाल केले. दिवाळी ऑक्टोबरच्या तिसऱ्या आठवड्यात येत असेल, तर एक राखीव दिवस ठेवून जाता येईल. नोव्हेंबरात येत असेल, तर मी जाणार नाही. मे महिना मला तुमच्यासाठी सर्वांत सोयीचा वाटतो: शाळा-कॉलेजांना सुट्टी असते, डोंगर अजून हिरवे असतात आणि उन्हाळ्यात सिंहगडावर केलेला सराव दरीतल्या उष्म्यालाही उपयोगी पडतो. जून ते ऑगस्टमध्ये आकाश सर्वांत स्वच्छ असते, पण मारांपाताच्या रात्री चांगल्याच थंड होतात, तेव्हा झोपण्याची पिशवी उबदार हवी.

चोकेकिराओहून पुढे चालत माचू पिचूपर्यंत जाता येते आणि एजन्सीने तुम्हाला तोही पर्याय दिला आहे. तो सात ते नऊ दिवसांचा प्रवास असून अवशेषांच्या पलीकडे वाट पुन्हा रिओ ब्लांको नदीपर्यंत कोसळते, माइसालला चढते आणि मग ४१०० मीटरच्या वरची खिंड ओलांडून यानामाला उतरते. तिथे उंचीचा प्रश्न खरोखर येतो आणि अर्ध्यातून परत फिरणे आणखी अवघड होते. कुरकुरत्या गुडघ्याने या वेळी तो नको. चोकेकिराओहून परत येऊन एक दिवस विश्रांती घ्या आणि माचू पिचूला रेल्वेने जा; त्याचे तिकीट मात्र ठरावीक वेळेचे असते आणि हंगामात आधीच संपते, म्हणून ते ट्रेकच्या आधी काढून ठेवा.

कागदपत्रांत दोन गोष्टी लोक विसरतात. भारतीय पारपत्रावर पेरूचा व्हिसा लागतो. अमेरिका, कॅनडा, ब्रिटन, ऑस्ट्रेलिया किंवा शेंगेनचा किमान सहा महिने मुदत उरलेला व्हिसा असेल तर सवलत आहे, पण तिकीट काढण्यापूर्वी नवी दिल्लीतल्या पेरूच्या दूतावासाकडून सध्याचा नियम तपासून घ्या. दुसरी, पीतज्वराची लस. तुम्ही पेरूच्या जंगलात जाणार नसलात तरी पेरू पीतज्वराच्या यादीतला देश आहे, आणि तिथून परतणाऱ्या प्रवाशाकडे लसीचे प्रमाणपत्र नसेल तर भारतात उतरल्यावर सहा दिवसांपर्यंत विलगीकरणात ठेवता येते. लस सरकारमान्य केंद्रांवरच मिळते, तिची वेळ आधी घ्यावी लागते आणि प्रमाणपत्र लस घेतल्यापासून दहा दिवसांनी लागू होते. साठीच्या पुढच्यांना ती देताना डॉक्टर अधिक विचार करतात, यजमान त्या वयाच्या जवळ आहेत, म्हणून त्यांच्या इतर आजारांची यादी सोबत न्या. आणि कुस्कोत प्रत्येक हॉटेलात ठेवलेली कोकाची पाने किंवा चहाची पाकिटे आठवण म्हणून बॅगेत टाकू नका. तिथे ती कायदेशीर आहेत, आपल्याकडे कोकाचे पान अमली पदार्थांच्या कायद्यात येते.

यजमानांच्या गुडघ्याचा एखादा एमआरआय अहवाल असेल आणि औषधांची नावे कळवलीत, तर तुमच्या अस्थितज्ज्ञांना नेमके काय विचारायचे, ते मी वेगळे लिहून पाठवतो. सिंहगडच्या दोन फेऱ्या सलग दोन दिवस करून पाहिल्यावर तिसऱ्या दिवशी जिना उतरताना त्यांना काय होते, तेही कळवा. चार आणि पाच दिवसांबरोबरच, या वर्षी की पुढच्या वर्षी, हेही त्यावरून ठरवता येईल.